भाऊच्या धक्क्याला जाताना

मुलांनो, मांडव्याच्या धक्क्यावर उभे राहिले की समुद्रापलीकडून मुंबई खुणावते. दोन दिवसांसाठी तिकडे जावयाचे ठरले, की या वयातही मला आदल्या रात्री झोप येत नाही. २०२० पासून मोटारींसह माणसे नेणारी बोट तासाभरात भाऊच्या धक्क्याला पोहोचविते. परंतु हे ‘भाऊ’ कोण, हा प्रश्न मला कित्येक वर्षे सुचलाच नव्हता! लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी एकोणिसाव्या शतकात उतारूंच्या सोयीसाठी धक्का बांधला; लोकांनी त्यास त्यांचेच नाव दिले. हे कळल्यापासून तेथे उतरताना मी क्षणभर थांबतो. नुसते डोळे दिपवून घेण्यासाठी शहरास जाऊ नये. एक तरी प्रश्न सोबत न्यावा. उत्तराची ओढ असली, म्हणजे प्रवासाची गोडी दुणावते.