ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला, पण सोलापूरच्या हायवेवर तो चालू कोण ठेवणार?

एप्रिल संपत आला की सोलापूरचा पारा ४३-४४ च्या घरात जातो. दुपारी नवी पेठ ओस पडते, रसवंतीवर गर्दी होते, टीव्हीवर उन्हाच्या बातम्या लागतात. पण त्याच वेळी शहराच्या बाहेर हायवेवर ट्रक काही थांबलेले नसतात. वरून ऊन, पायाखाली तापलेलं इंजिन आणि खिडकीतून येणारी गरम हवा. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये तेव्हा काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको.

सोलापूर म्हणजे ट्रकवाल्यांचं मोठं नाकं. पुण्याहून हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ इथून जातो. धुळे, बीड, धाराशिव करत विजयपूरकडे उतरणारा ५२ नंबर इथेच त्याला छेदतो. सांगली-मिरजेकडूनही रस्ता येतो. सिमेंट, साखर, टॉवेल-चादरी आणि हिवाळ्यात मार्केट यार्डातला कांदा, सगळं चाकांवरच चालतं. त्यामुळे ट्रकच्या केबिनबद्दल दिल्लीत एखादा नियम झाला की त्याचा इथल्या ट्रान्सपोर्टरच्या हिशोबावर थेट परिणाम होतो.

तर नियम असा आहे. जून २०२३ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी ट्रकच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक करणार असल्याचं जाहीर केलं. खर्च वाढेल म्हणून काहींचा विरोध होता, हेही त्यांनी तेव्हा सांगितलं. डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना निघाली. सुरुवातीला १ ऑक्टोबर २०२५ ही तारीख ठरली होती, नंतर ती अलीकडे आली आणि जून २०२५ पासून नव्या ट्रकला एसी केबिन आली. एन-२ म्हणजे साडेतीन ते बारा टनांच्या गाड्या आणि एन-३ म्हणजे बारा टनांच्या वरच्या गाड्या, दोन्हींना हे लागू आहे. त्याच महिन्यात टाटा मोटर्सने आपल्या सगळ्या ट्रक रेंजमध्ये एसी आणला आणि काही अवजड गाड्यांची ताकद ३२० एचपीपर्यंत वाढवली.

इथपर्यंत सगळं छान. पण हा नियम नव्याने बनणाऱ्या गाड्यांसाठी आहे. रस्त्यावर आधीपासून असलेल्या ट्रकला तो लागू नाही. एक-दोन गाड्यांचा मालक बहुतेक वेळा जुनी गाडीच घेतो, म्हणजे त्याच्या ड्रायव्हरपर्यंत हा गारवा पोहोचायला बरीच वर्षं जातील.

नंबरात काय दडलंय?

आता ज्याला नवीनच गाडी घ्यायची आहे, त्याचं बघू. लांब पल्ल्याचा ट्रेलर घ्यायचा, म्हणजे आधी घोडा निवडायचा. घोडा म्हणजे पुढचा ओढणारा भाग. टाटाचा ५५३० किंवा भारतबेंझचा ५५२८ अशी नावं कानावर पडतात. हे नंबर उगाच नाहीत. पहिले दोन आकडे म्हणजे मालासकट एकूण वजन, ५५ टन. शेवटचे दोन म्हणजे ताकद, एक शून्य लावलं की ३०० किंवा २८० एचपी.

हे ५५ टन आले २०१८ मध्ये. त्या वर्षी सरकारने एक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली आणि ४९ टनांचा ट्रेलर ५५ वर गेला. आता साधा भागाकार करा. ५५ टनांना ३०० एचपी, म्हणजे टनाला साडेपाच एचपी. अमेरिकेत ट्रेलरची सर्वसाधारण मर्यादा ८० हजार पौंड, म्हणजे साधारण ३६ टन आहे आणि तिथल्या गाड्या ४०० ते ५०० एचपीच्या असतात. तिथल्या ड्रायव्हरला टनामागे आपल्या दुप्पट किंवा त्याहून जास्त ताकद मिळते.

मग आपल्याकडे गाडी कमजोर आहे का? तर तसंही नाही. मालवाहू गाड्यांना ८० च्या वेगाचा गव्हर्नर असतो आणि सोलापूर ते हैदराबाद रस्ता बराचसा सपाट आहे. तिथे ३०० एचपी पुरतात. पण तीच गाडी मुंबईकडे निघाली की खंडाळ्याच्या घाटात फरक कळतो. म्हणून जास्त एचपीची गाडी घ्यायची का, हे आपली गाडी कुठल्या लाईनवर चालणार यावरून ठरवावं. शोरूमच्या ब्रोशरवरून ठरवलं तर वर्षभर डिझेलमध्ये त्याची किंमत मोजावी लागते.

आरामाचं गणित मात्र अजून वेगळं आहे, कारण गाडी घेणारा एक आणि चालवणारा दुसरा. मालक बघतो हप्ता, अ‍ॅव्हरेज आणि टायर. ड्रायव्हरच्या पाठीला कळतं ते सीट आणि केबिनचं सस्पेन्शन. केबिन चारही कोपऱ्यांवर स्प्रिंगने झेललेली आहे का, सीट हवेवर चालणारी आहे का, मागे आडवं होण्याइतका बर्थ आहे का, क्लच दिवसभर दाबून पाय भरून येतो का? या गोष्टी दहा मिनिटांत कळत नाहीत. त्यामुळे गाडी बुक करण्याआधी जो ती चालवणार आहे त्याला सोबत न्यावं, हे इतकं साधं आहे की बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

खरी अडचण डिझेलची

एसी चालतो इंजिनावर. ३०० एचपीच्या इंजिनाला त्याचा भार फारसा जाणवत नाही, पण डिझेल थोडं जास्त लागतंच. आणि अनेक ठिकाणी पद्धत अशी आहे की मालक फेरीचं डिझेल ठरवून देतो. अ‍ॅव्हरेज कमी आलं तर फरक ड्रायव्हरच्या पैशातून कापला जातो.

समजा भरलेला ट्रेलर लिटरला तीन किलोमीटर देतो. सोलापूर-हैदराबाद साधारण ३०० किलोमीटर, म्हणजे १०० लिटर डिझेल. एसीमुळे शंभराला तीन लिटर जास्त गेलं असं धरलं आणि डिझेल ९० रुपये धरलं, तर एका बाजूचे २७० रुपये झाले. मालकासाठी ही रक्कम किरकोळ आहे. ड्रायव्हरच्या खिशातून जाणार असेल तर तो बटण बंद करेल आणि खिडकी खाली घेईल. बंद करायला कायदा अडवत नाही, कारण कायद्याने एसी बसवायला सांगितलाय, चालवायला नाही.

रात्रीचं तर विचारूच नका. मे महिन्यात सोलापूरची रात्रही तापलेली असते. गाडी ढाब्यावर लावली, इंजिन बंद केलं की एसीही बंद. तो चालू ठेवायचा तर इंजिन चालू ठेवावं लागतं. अमेरिकेत उभ्या ट्रकचं इंजिन तासाला साधारण तीन लिटर डिझेल पितं असा तिथल्या ऊर्जा विभागाचा अंदाज आहे. आपली इंजिनं लहान, म्हणून दोन लिटर धरू. सात तासांच्या झोपेला १४ लिटर, म्हणजे १२६० रुपये. एवढ्यात सोलापुरात एसी लॉज मिळते. बॅटरीवर चालणारे पार्किंग एसी बाजारात आहेत, पण नियमात त्यांची सक्ती नाही.

झोपेचा प्रश्न किती मोठा आहे, ते सेव्हलाईफ फाउंडेशनच्या २०२० च्या अभ्यासात दिसलं होतं. ट्रक ड्रायव्हर दिवसाला सरासरी १२ तास गाडीवर असतात आणि थकवा किंवा झोप असतानाही गाडी चालवतो, असं जवळपास निम्म्यांनी सांगितलं होतं. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास ठरवले होते आणि लांब पल्ल्यासाठी दहापर्यंत सूट होती. पण तो कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता. दोन गाड्यांचा मालक त्यात येतच नव्हता. पुढे हा कायदा २०२० च्या कामगार संहितेत विलीन झाला, पण छोट्या मालकाच्या ड्रायव्हरचे तास मोजायला आजही हायवेवर कोणी उभं नसतं.

काही ट्रान्सपोर्टरनी यावर करायला हवं ते अगदी सोपं आहे. फेरीचं डिझेल ठरवताना मार्च ते जून एसीचे चार-पाच लिटर वेगळे धरायचे आणि ते कापायचे नाहीत. नव्या गाडीची किंमत पाहता हा खर्च किरकोळ आहे. आणि गाडीचा हप्ता तर एसी बंद असला तरी तेवढाच भरावा लागतो.