चार दिग्दर्शक आणि हरवलेला संपादक

अनेक दिग्दर्शकांनी मिळून केलेला चित्रपट पाहून उठणाऱ्या प्रेक्षकाचा अभिप्राय बहुधा ठरलेला असतो. दोन कथा चांगल्या होत्या, एक बरी होती आणि एक नसती तरी चालले असते. ‘अँथॉलॉजी’ या नावाने रुळलेल्या या कथागुच्छ चित्रपटांविषयी हे इतक्या वेळा बोलले गेले आहे की त्यात कोणाला नवल वाटत नाही. आवडनिवड म्हणून विषय सोडून दिला जातो. परंतु केवळ आवडनिवडीचा प्रश्न असता, तर एकाला पहिली आणि दुसऱ्याला चौथी कथा आवडली असती. प्रत्यक्षात कोणती कथा सरस आणि कोणती निरस, याविषयी प्रेक्षकांचे व समीक्षकांचे बऱ्याचदा एकमत होते. म्हणजे ही विषमता पाहणाऱ्याच्या नजरेत नसून चित्रपटाच्या घडणीतच कोठेतरी असली पाहिजे.

हिंदीत या प्रकाराला अलीकडची प्रतिष्ठा मिळाली ती २०१३ साली. भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त करण जोहर, दिबाकर बॅनर्जी, झोया अख्तर आणि अनुराग कश्यप यांनी ‘बॉम्बे टॉकीज’ केला. सत्यजित राय यांच्या कथेवरून बॅनर्जी यांनी घडवलेला, नवाजुद्दीन सिद्दीकी यांनी रंगवलेला चाळीतला अयशस्वी नट आणि त्याच्यासमोर अवतरणारे सदाशिव अमरापूरकर हे त्यातले सर्वांत टिकाऊ चित्र ठरले. याच चौघांनी २०१८ मध्ये ‘लस्ट स्टोरीज’ आणि २०२० मध्ये ‘घोस्ट स्टोरीज’ हे चित्रपट केले. पहिल्याला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्काराचे नामांकन मिळाले, तर दुसऱ्याची बहुतेकांनी निराशेनेच दखल घेतली. दिग्दर्शक तेच, प्रत्येकाच्या वाट्याचा वेळही साधारण तेवढाच, आणि फळ मात्र इतके वेगळे. तेव्हा गुणवत्तेच्या कमीअधिकपणावर सारा दोष टाकता येत नाही.

कथागुच्छ चित्रपटाला एक साधी कसोटी लावून पाहावी. त्यातील एक कथा काढून टाकली, तर उरलेल्या चित्रपटाचे काही बिघडते का?

चित्रपटाच्या इतिहासात हा प्रयोग खरोखरच झालेला आहे. १९६२ च्या ‘बोकाचिओ ’७०’ या इटालियन चित्रपटात मोनिचेल्ली, फेलिनी, व्हिस्कोन्ती आणि दे सिका यांच्या चार कथा होत्या. इटलीबाहेरच्या प्रदर्शनासाठी निर्मात्याने मोनिचेल्लींची कथा सरळ वगळली. सहकाऱ्यावरील या अन्यायाच्या निषेधार्थ उरलेले तिघेही कान महोत्सवाला गेले नाहीत. मात्र तीन कथांचा तो चित्रपट जगभर चालत राहिला आणि त्यात काही उणे आहे, असे परदेशी प्रेक्षकाला जाणवण्याचे कारण नव्हते. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दी वर्षात, १९६१ मध्ये, राय यांनी केलेल्या ‘तीन कन्या’चेही असेच झाले. ‘मणिहारा’ ही कथा गाळून तो परदेशात दोन कन्यांचा चित्रपट म्हणून दाखवला गेला. तेथे तर दिग्दर्शकही एकच होता.

याच्या उलट उदाहरण १९४५ च्या ‘डेड ऑफ नाइट’ या ब्रिटिश भयपटाचे. काव्हाल्कान्ती, क्रिक्टन, डिअरडन आणि हेमर या चार दिग्दर्शकांनी तो केला. एका ग्रामीण घरात जमलेली माणसे आपापले अनुभव सांगतात, आणि त्यांच्यात आलेल्या वास्तुविशारदाला ही सारी मंडळी आपण स्वप्नात पाहिल्याचे आठवत असते. अमेरिकेत लांबी कमी करण्यासाठी यातील दोन कथा कापण्यात आल्या, तेव्हा ज्यांची कहाणी ऐकलेलीच नाही अशी पात्रे अखेरच्या दुःस्वप्नात समोर येऊ लागली आणि तेथील प्रेक्षक गोंधळून गेले. त्यातील गोल्फची विनोदी कथा स्वतंत्रपणे पाहिली तर सामान्यच आहे. पण पूर्ण चित्रपटात ती शेवटच्या शब्दभ्रमकाराच्या कथेपूर्वी श्वास घ्यायला उसंत देते. दुबळ्या कथेलाही तेथे काम होते. कोणती कथा कोठे बसवायची आणि तिने काय साधायचे, हे कोणीतरी विचारपूर्वक ठरवलेले होते.

आपल्याकडे नेमके हेच ठरवले जात नाही. ‘वासना’, ‘भूत’, ‘प्रेम’ असा एक शब्द चौघांच्या हाती दिला जातो, प्रत्येकाला अर्धा तास वाटून दिला जातो आणि तयार झालेल्या चार चित्रफिती एकापुढे एक जोडल्या जातात. सहोदर भावांत शेत वाटावे तशी ही वाटणी असते. कोणत्या मातीत काय पिकेल, याचा विचार तिच्यात नसतो. एखाद्या कथेचा जीव बारा मिनिटांचा असतो आणि ती ताणावी लागते. एखादीत कादंबरीचा ऐवज असतो आणि तिची घुसमट होते. शिवाय प्रत्येक नव्या कथेबरोबर प्रेक्षकाला पुन्हा नव्याने माणसे ओळखावी लागतात, नव्या सुरात शिरावे लागते. दीर्घ चित्रपटात मधली वीस मिनिटे सैल झाली तरी आधीच्या ओढीवर प्रेक्षक निभावून नेतो. येथे ती शिल्लक दर अर्ध्या तासाने शून्यावर येते. आणि शेजारची कथा उत्तम असली की मध्यम कथा आहे त्याहून अधिक फिकी दिसते.

मराठीतले ठळक उदाहरण २०१५ च्या ‘बायोस्कोप’चे. चार कवी आणि चार दिग्दर्शक अशी त्याची कल्पना होती. मिर्झा गालिब, सौमित्र, लोकनाथ यशवंत आणि संदीप खरे यांच्या काव्यावरून अनुक्रमे गजेंद्र अहिरे, विजू माने, गिरीश मोहिते आणि रवी जाधव यांनी कथा घडवल्या. कल्पना अस्सल आपल्या मातीतली होती. कवितेवरून चित्रपट ही वाट मराठीत फारशी कोणी चोखाळलेली नव्हती. पण गालिबचा शेर आणि शेतकऱ्याच्या बैलाचे दुःख यांना एकत्र बांधणारा धागा ‘कविता’ एवढाच राहिला. विजय तेंडुलकरांच्या कथेवर आधारलेल्या जाधव यांच्या ‘मित्रा’ला ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट लघुकथापटाचा मान मिळाला, तो स्वतंत्र लघुपट म्हणून. ती कथा संग्रहाबाहेरही पूर्ण उभी होती. संग्रहातील इतर कथांनी तिला काही दिले, किंवा तिने त्यांना, असे म्हणता येत नाही.

मराठी वाचकाला संग्रह कसा वाचावा हे शिकवण्याची गरज नाही. शंभराहून अधिक वर्षांची दिवाळी अंकांची परंपरा त्याच्या पाठीशी आहे. अंकातले सारेच साहित्य एका तोलाचे नसते, हे तो जाणून असतो आणि त्याबद्दल रागावतही नाही. याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे नको ते पान उलटण्याची मोकळीक त्याच्याकडे असते. दुसरे म्हणजे अंकाला संपादक असतो. काय मागवायचे, काय परत पाठवायचे, कोणाला आठ पाने द्यायची आणि कोणाला तीन, दीर्घकथेनंतर काय ठेवायचे, हे तो ठरवतो. चित्रपटाला संकलक असतो. संपादक मात्र नसतो. निर्माता नामवंतांना एकत्र आणतो, पण त्यांच्यापैकी एखाद्याला ‘ही कथा या संग्रहात बसत नाही’ असे सांगण्याचा अधिकार आणि धैर्य असलेली व्यक्ती या व्यवस्थेत सहसा आढळत नाही. दहा दिग्दर्शकांच्या ‘केरळ कॅफे’ या २००९ च्या मल्याळी चित्रपटात ती जबाबदारी रंजित यांनी पुष्कळशी पेलली. प्रवास हे सूत्र आणि रेल्वे स्थानकावरचे उपाहारगृह यांभोवती त्यांनी दहा जणांना गुंफले. कथा तेथेही उंचसखल आहेत, पण प्रवासाला निघाल्याची भावना सुटत नाही.

पान उलटण्याची मोकळीक ओटीटीने दिली, असे कोणी म्हणेल. ते अर्धेच खरे आहे. ‘रे’, ‘नवरस’ किंवा ‘मॉडर्न लव्ह मुंबई’ यांच्या कथा स्वतंत्र भाग म्हणून मांडल्या गेल्या आणि प्रेक्षकाला निवड करता आली. ‘रे’मधील अभिषेक चौबे यांची मनोज वाजपेयी व गजराज राव यांची कथा अनेकांनी तेवढीच पाहिली असेल, आणि त्यात काही बिघडले नाही. पण ‘अजीब दास्तान्स’सारखे संग्रह सलग चित्रपट म्हणूनच आले. तेथे पहिली कथा हाच उंबरठा ठरतो. तिने पकडले नाही, तर बोटाच्या एका स्पर्शाने बाहेर पडता येते आणि पुढे काय होते हे कळतही नाही.

येथे मूळ प्रश्न मनोरंजनाच्या पलीकडे जातो. नीरज घायवान यांची ‘गीली पुच्ची’ याच ‘अजीब दास्तान्स’मध्ये तिसऱ्या क्रमांकावर आहे. कारखान्यात यंत्रावर काम करणारी, कार्यालयातल्या टेबलाची आकांक्षा बाळगणारी दलित स्त्री आणि ते टेबल सहज मिळालेली उच्चवर्णीय सहकारी यांच्यातली जवळीक आणि जात यांची ती कथा. अलीकडच्या हिंदी पडद्यावर जातीचे इतके सूक्ष्म चित्रण क्वचितच झाले असेल. ‘अनपॉज्ड : नया सफर’मधील नागराज मंजुळे यांच्या ‘वैकुंठ’मध्ये करोनाकाळात स्मशानात राबणारा कामगार आहे, दिवसभर परक्यांच्या चिता पेटवताना त्याचा स्वतःचा बाप रुग्णालयात पडून असतो. ‘लस्ट स्टोरीज’च्या २०२३ मधील दुसऱ्या संग्रहात कोंकणा सेनशर्मा यांनी मालकीण आणि घरकाम करणारी बाई यांच्यातले जे विलक्षण नाते रंगवले, त्याला तिलोत्तमा शोम आणि अमृता सुभाष यांच्या अभिनयाने उंची दिली. या तिन्ही विषयांवर दोन तासांचा, नामांकित नटांचा चित्रपट काढायला किती निर्माते पुढे आले असते? अर्ध्या तासाची जोखीम घेणे परवडते म्हणून या कथा पडद्यावर आल्या. घरकाम करणारी बाई, स्मशानातला कामगार, कारखान्यातली दलित स्त्री यांना मध्यवर्ती स्थान देणारे दार जर प्रेक्षकांच्या कंटाळ्याने बंद झाले, तर नुकसान केवळ एका चित्रपटप्रकाराचे होणार नाही.

गोव्यापुरते बोलायचे, तर हे दार अधिकच मोलाचे आहे. २००४ पासून इफ्फी येथे भरतो. लघुपट पाहणारा, त्यावर बोलणारा आणि तो करू पाहणारा तरुण वर्ग त्यातून उभा राहिला आहे. पण महोत्सव संपला की लघुपटाला तिकीट काढून पाहणारा प्रेक्षक नाही, आणि छोट्या राज्यात मराठी वा कोकणी पूर्ण लांबीच्या चित्रपटाचा खर्च भरून निघणे कठीण. चार-पाच नवोदितांनी एकत्र येऊन केलेला कथागुच्छ हा अशा ठिकाणी व्यवहार्य मार्ग ठरू शकतो. एकांकिका स्पर्धांवर वाढलेल्या गोमंतकीय रसिकाला एका संध्याकाळी चार वेगळे सूर ऐकण्याची सवयही आहे. फक्त स्पर्धेचे वेळापत्रक आणि संग्रहाची रचना यांत फरक असतो, एवढे ध्यानात ठेवावे लागेल.

असमानता ही प्रयोगशीलतेची किंमत आहे, ती आनंदाने मोजावी, असा एक युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे. चारही कथा सारख्याच बेताच्या असलेला संग्रह कोणी लक्षात ठेवत नाही, तर एका ‘गीली पुच्ची’साठी उरलेल्या तीन कथा सोसण्याची तयारी रसिक दाखवतो. न्यूयॉर्कवरील १९८९ च्या तिघांच्या चित्रपटात कोपोला यांची कथा सपशेल फसल्याचे मानले गेले, तरी स्कोर्सेसी यांची आजही आवर्जून पाहिली जाते. म्हणून सरासरी गुण काढून या चित्रपटांना निकालात काढणे योग्य नव्हे. परंतु प्रयोगातले अपयश आणि निष्काळजी जोडणी या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याची किंमत प्रेक्षकाने जरूर मोजावी. दुसऱ्याची त्याच्याकडून वसूल करू नये.

उपाय फार खर्चिक नाहीत. संग्रहाला एक संपादक असावा आणि त्याचे नाव श्रेयनामावलीत दिग्दर्शकांच्या बरोबरीने यावे. वेळेची समान वाटणी सोडून द्यावी. कोणाला दहा मिनिटे पुरतील, कोणाला पन्नास लागतील. कथांचा क्रम नामवंतांच्या मानापमानावरून न ठरता आस्वादाच्या चढउतारावरून ठरावा. आणि ओटीटीवर प्रत्येक कथा तिच्या नावाने, तिच्या दिग्दर्शकाच्या नावाने वेगळी शोधता यावी. एवढे झाले तरी काही कथा फसतीलच. पण ती वगळली असती तर काय बिघडले असते, या प्रश्नाला निदान उत्तर देता येईल.