गणित कुणाच्या बापाचं?

गणिताला वरच्या जातीचं डोकं लागतं, आपल्या पोरांनी आर्ट्सला जावं, हे मी शाळेत ऐकलं, नाक्यावर ऐकलं, आणि आता आपल्याच वस्तीतल्या नोकरीवाल्यांच्या तोंडून ऐकतो. कुणी आईवरून शिवी दिली तर आपण कॉलर धरतो. ही शिवी मात्र सालोसाल पचवतोय.

एल्फिन्स्टन हायस्कुलात मास्तरांनी भीमरावांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं तेव्हा वर्गात धावाधाव झाली. सवर्ण पोरांचे डबे फळ्यामागे होते. ते आधी हलवले, मग खडू हाती आला. त्याच भीमरावांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ छापला. आज फळ्यामागे डबे नाहीत. फळ्यापुढे क्लासची फी उभी आहे.

मी मॅट्रिक. गोदीत कामाला. पाळी सुटली की समाजमंदिरात बारावी सायन्सच्या पोरापोरींबरोबर बसतो. इंजिनिअरिंगच्या सीईटीची तयारी चाललीय. मला त्यांचं कॅल्क्युलस येत नाही. पण ती कुठं अडतात ते दिसतं. डेरिव्हेटिव्हला नाही अडत. अपूर्णांकाला अडतात. कंसाबाहेरची वजाची खूण आत नेताना अडतात. सूत्र तोंडपाठ, आणि गणित तिसऱ्या ओळीत मरतं. म्हणजे दुखणं बारावीचं नाही, सातवी-आठवीचं आहे. त्या साली कुणाची झोपडी तुटली, कुणाला धाकट्या भावाला सांभाळायला घरी ठेवलं, कुणाच्या वर्गाला गणिताचा मास्तरच नव्हता. आणि लोक म्हणतात, डोकं नाही.

तेव्हा उजळणी खालून करा. सातवी ते दहावीची पुस्तकं रद्दीवाल्याकडे मिळतात. आधी चिन्हं, अपूर्णांक, घातांक, विस्तारसूत्रं. मग वर्गसमीकरण. मग त्रिकोणमिती. बारावीत असून सातवीचं पुस्तक उघडायला लाज वाटते म्हणे! लाज ज्यांनी शिकवलं नाही त्यांना वाटू दे.

त्रिकोणमितीला घाबरणाऱ्याला मी गोदीत आणून उभा करीन. दोन टनांचा नग, दोन दोरांची स्लिंग. दोर सरळ उभे असले तर एकेका दोरावर एक टन. तेच दोर फाकवले, प्रत्येक दोर उभ्या रेषेपासून साठ अंशांवर गेला, की एकेका दोरावर दोन टन. नग तोच. का? कोसाइन साठ म्हणजे अर्धा, म्हणून. आमचे म्हातारे कामगार कोसाइन न शिकता 'दोर फाकवू नको रे' म्हणून बोंबलतात. तुटला तर खाली कोण असतो ते त्यांना ठाऊक असतं. ह्या माणसांच्या पोरांना गणिताचं डोकं नाही?

आता परीक्षा. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, वेळ ९० मिनिटं. एका प्रश्नाला पुरती दोन मिनिटंही नाहीत, म्हणून घड्याळ लावून सराव करा. बहुतेक प्रश्न बारावीचे, साधारण २० टक्के अकरावीचे. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. (जेईईत चुकीला १ गुण जातो, तिथं हे चालवू नका.) क्लासवाल्या पोरांना हे पहिल्या दिवशी सांगतात. आपल्या एका पोरीला ते परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कळलं.

आणि एक गोष्ट ऐकून तर माझं टाळकं सरकलं. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्री मराठीत मिळतं, गणित फक्त इंग्रजीत. जेईई मेन २०२१ पासून मराठीत देता येते, गणितासकट. म्हणजे दिल्लीला जमतं, आणि मराठीच्या नावानं छाती बडवणाऱ्या मुंबईच्या सरकारला जमत नाही! दहावीपर्यंत ज्यानं श्रेढी, स्पर्शिका, संभाव्यता म्हटलं, त्याच्यापुढं प्रोग्रेशन, टँजंट, प्रॉबॅबिलिटी येऊन आदळतात. त्याला गणित येत असतं, पण प्रश्न कळत नाही. गणिताचा पेपर मराठीतही द्या, ही मागणी घेऊन आपण रस्त्यावर यायला हवं. तोवर एका वहीत दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहून काढा.

मोर्चाचं मी म्हणतो, पण आपल्या चळवळीत कविता लिहिणारे ढीगभर, मी धरून. वस्तीतल्या पोराला वर्गसमीकरण समजावून देणारे किती? दोन ओळी कमी लिहू, एक तास बसू. जयंतीच्या डीजेला जी वर्गणी जाते तिच्यात चार टेबलं आणि ट्यूबलाइटी येतात, हा हिशेब तर पाचवीतलं पोरगंही करील.

समाजमंदिराला रात्री दहाला कुलूप लागतं, किल्ली मंडळाच्या अध्यक्षांकडे. अध्यक्षसाहेब, परीक्षा होईस्तोवर ती किल्ली पोरींकडे द्या. पोरं निदान नाक्यावरच्या दिव्याखाली वही घेऊन बसतात. पोरींना ते कोण बसू देतंय?