घरच्या संगणकाचें दुखणें

आमच्या कसबा पेठेंत कुंभारवाडा व तांबट आळी हीं दोन्ही हाकेच्या अंतरावर असल्यामुळें टिचकी मारून मडकें पारखणें किंवा नादावरून भांड्याची चीर ओळखणें येथील गृहिणींस शिकवावें लागत नाहीं. परंतु जें यंत्र दिवसभर सुरळीत चालतें व रात्रीं अचानक दगा देतें, त्याची पारख कशी करावी? गेल्या भाद्रपदानंतर आमच्या घरीं हा प्रश्न उभा राहिला आणि त्यापायीं एका माणसावर नाहक ठपका आला. असा प्रसंग कोणाच्याही घरीं येण्याजोगा आहे, म्हणून तो येथें सांगतों.

माजघरांतील संगणक घरांत सर्वांचा. दिवसा थोरले बंधु त्यावर घरखर्चाचा हिशेब ठेवितात, मुलें अभ्यास करितात. रात्रीं निजानीज झाल्यावर धाकट्या सूनबाई आमच्या मातोश्रींच्या आठवणी, जुन्या पत्रांच्या छायाचित्रांसह, त्यावर उतरून काढीत. मातोश्रींचें वय ८७. हें काम वेळेवर पुरें व्हावें अशी सर्वांचीच इच्छा. यंत्र बंद पडूं लागलें तें बहुधा सूनबाईंच्याच हातीं. "अगं, रात्रीं-अपरात्रीं कांहीं तरी भलतेंच उघडत असशील," असें थोरल्या वहिनी सहज बोलून गेल्या. सूनबाईंनीं उत्तर दिलें नाहीं. मात्र दुसऱ्या दिवसापासून संगणकास हातही लावला नाहीं. मातोश्रींच्या आठवणी १९६१ च्या पानशेतच्या पुरापाशीं येऊन थांबल्या.

एका दुरुस्तीवाल्यास बोलाविलें. तो दिवसा आला, तेव्हां यंत्र उत्तम चालत होतें. तरी त्यानें मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला दिला. निदानापूर्वीं औषध घेणें आम्हांस रुचलें नाहीं. आम्ही शेजारीं एक वही ठेविली. यंत्र बंद पडतांच तारीख, वेळ, चालू असलेलें काम व बंद पडण्याची तऱ्हा तींत लिहावयाची, असा नियम केला. रात्रीं तींच छायाचित्रें उघडून मी स्वतः बसूं लागलों. यंत्र माझ्याही हातीं बंद पडलें.

बंद पडण्याची तऱ्हा हीच खरी नाडी. कांहीं संदेश न येतां एकदम अंधार झाला, तर संशय प्रथम वीज पुरविणाऱ्या एसएमपीएस पेटीवर किंवा उष्णतेवर घ्यावा. ही पेटी घरांतील २३० व्होल्टची वीज उतरवून १२, ५ व ३.३ व्होल्ट करिते. त्यांत शेंकडा ५ पर्यंतचा फरक चालतो, त्याहून अधिक नाहीं. पंख्यांत धूळ साचली असल्यास ती आधीं काढावी. टकटक आवाज येऊन फाइली उघडण्यास विलंब लागत असेल, तर हार्ड डिस्क पाहावी. एकाच प्रोग्रॅममध्यें तोच संदेश पुनःपुन्हां येत असेल, तर दोष बहुधा त्या प्रोग्रॅमचा. निळा पडदा येऊन दर वेळीं निराळा संदेश दिसत असेल, तर रॅम तपासावी.

आमच्या वहींत दोन आठवड्यांत ९ नोंदी झाल्या. त्यांपैकीं ७ निळ्या पडद्याच्या, आणि संदेश दर वेळीं वेगळा. मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम १९९४ पासून प्रचारांत आहे. तो रॅममध्यें ठराविक आंकडे लिहितो व तेच परत वाचून ताडून पाहतो. पेनड्राइव्हवरून तो रात्रभर चालविला. सकाळीं चुका दिसल्या. मग प्लग काढून, दोन पट्ट्यांपैकीं एकेकच त्याच खांचेंत बसवून तपासली. एक पट्टी निर्दोष निघाली. दुसरी कोणत्याही खांचेंत बसविली तरी चुका तिच्याबरोबर गेल्या. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, हें या परीक्षेचें सूत्र होय.

मग दोष रात्रींच कां दिसे? हिशेबास थोडीच स्मृति लागते. मोठीं छायाचित्रें उघडलीं म्हणजे ती भरत जाते व सदोष जागा वापरांत येण्याचा संभव वाढतो. यंत्र सूनबाईंच्या हातीं बंद पडे हें खरें. परंतु त्यांच्यामुळें पडे, हा आमचा तर्क खोटा ठरला.

स्मृतींतील चूक नेहमीं बोभाटा करीत नाहीं. २००३ सालीं बेल्जियमच्या निवडणुकींत, ब्रुसेल्सनजीकच्या स्कारबेक येथें, संगणकानें एका उमेदवारास ४०९६ मतें अधिक दाखविलीं. ही संख्या २ चा बारावा घात असल्यामुळें स्मृतींतील एकच अंश उलटला असावा, असें अनुमान निघालें. आमच्याकडेही दोन पत्रांचीं छायाचित्रें बिघडलेलीं आढळलीं. मूळ पत्रें ट्रंकेंत होतीं म्हणून निभावलें. यास्तव संशय येतांच महत्त्वाचें काम थांबवावें, आणि नक्कल त्याच यंत्रावर न करतां हार्ड डिस्क दुसऱ्या संगणकास जोडून करावी. एसएमपीएस पेटी मात्र घरीं कदापि उघडूं नये. प्लग काढल्यावरही तींत धोकादायक वीज राहूं शकते.

सदोष पट्टी हमीच्या मुदतींत असल्यानें बदलून मिळाली. वही दाखविली तेव्हां थोरल्या वहिनींनीं ती शेवटपर्यंत वाचली. त्या रात्रीं त्या स्वतःच माजघरांत आल्या व सूनबाईंस म्हणाल्या, "माझी चूक झाली हो. ये, बैस, पूर ओसरल्यावर पुढें काय झालें, तें लिही आतां."