स्वस्त चहा आणि अ‍ॅडमिन राइट्स

बोस्टन टी पार्टी म्हटलं की शाळेतलं एक वाक्य आठवतं: इंग्रजांनी चहावर कर बसवला म्हणून अमेरिकन लोकांनी चहा समुद्रात फेकला. दोन मार्क मिळाले, विषय संपला. पण मंडळी, गंमत अशी की १७७३ च्या टी अ‍ॅक्टने चहा महाग नाही, चक्क स्वस्त केला होता!

झालं असं, की ईस्ट इंडिया कंपनीचा चहा गोदामांत पडून होता आणि कंपनी बुडायच्या बेतात होती. मग पार्लमेंटने तिला इंग्लंडमधली जकात माफ केली आणि अमेरिकेत थेट चहा विकायची परवानगी दिली. हा चहा चोरट्या डच चहापेक्षाही स्वस्त पडणार होता. तरीही १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या रिकाम्या झाल्या. चोरटा चहा विकणाऱ्यांचा धंदा बसणार होता, हे एक कारण होतंच. पण तेवढंच असतं तर पुढे युद्ध कशाला झालं असतं?

खरी गोम सात वर्षं आधीची आहे. १७६५ चा स्टँप अ‍ॅक्ट, म्हणजे वर्तमानपत्रापासून पत्त्यांच्या कॅटपर्यंत सगळ्यावर कर. बोंबाबोंब झाली, १७६६ मध्ये तो मागे घेतला. पण त्याच दिवशी डिक्लेरेटरी अ‍ॅक्ट आला: वसाहतींवर कुठल्याही बाबतीत कायदा करायचा हक्क पार्लमेंटला आहेच. आमच्या भाषेत सांगायचं तर पॅच रोलबॅक केला, पण अ‍ॅडमिन राइट्स स्वतःकडेच ठेवले. १७७० मध्ये टाउनशेंडचे बाकीचे कर गेले, चहावरचा पौंडाला तीन पेन्सचा मात्र मुद्दाम ठेवला. रक्कम किरकोळ, पण तो भरला की तो हक्क मान्य केल्यासारखं.

आता इंग्रजांची बाजूही ऐका. १७६३ ला संपलेल्या सात वर्षांच्या युद्धाने त्यांचं कर्ज जवळजवळ दुप्पट झालं होतं, आणि त्या युद्धात वसाहतींचंही रक्षण झालं होतं. थोडा खर्च तुम्ही उचला, यात काय चूक? शिवाय मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमलाही तेव्हा स्वतःचा खासदार नव्हता, तेही कर भरतच होते की!

मुद्दा बिनतोड वाटतो, पण मला तो पटत नाही. मँचेस्टरवर बसवलेला कर लंडनच्या खासदाराच्या खिशालाही लागायचा. अमेरिकेवरच्या कराने उलट त्याचा स्वतःचा भार कमी व्हायचा. दुसऱ्याच्या खिशातून आपलं बिल भरणारा माणूस कितीही सज्जन असो, त्याला लगाम कोण घालणार? त्यामुळे आजचा कर तीन पेन्स आहे, याला अर्थच उरत नाही. उद्याचा आकडा तोच ठरवणार.

बोस्टनवाले काही संत नव्हते. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणाऱ्या जेफरसनकडे स्वतःचे गुलाम होते. त्यांना कोणी विचारलं नाही. आपल्यालाही नाहीच. १७७३ मध्येच याच पार्लमेंटने रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट करून बंगालच्या गव्हर्नरला गव्हर्नर-जनरल केलं. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला शरण आलेला कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये त्याच खुर्चीवर येऊन बसला. तत्त्व चांगलं होतं, फक्त ते सगळ्यांना लागू करायची कोणाची तयारी नव्हती.

१७७८ मध्ये पार्लमेंटने महसुलासाठी वसाहतींवर कर बसवायचा हक्क सोडला. पण तोवर युद्ध पेटलं होतं, फ्रान्सही अमेरिकेच्या बाजूने उतरला होता. हेच १७६६ मध्ये केलं असतं तर?

असो. पुढच्या वेळी एखादी गोष्ट फुकट किंवा स्वस्त मिळत असेल आणि खाली बारीक अक्षरांत 'अटी कधीही बदलण्याचा अधिकार आमच्याकडे राखीव' असं लिहिलेलं असेल, तर किमतीआधी ती ओळ वाचा. नंतर हवं तर घ्या. पण वाचून घ्या!