हातग्राइंडर व त्याचें कवच
बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतला हातग्राइंडर आतां पालघर जिल्ह्यांतील चिकूवाड्यांतही आला आहे. कोयत्यास धार लावण्यास व नळ कापण्यास तो सोयीचा, हें आम्हांस मान्य आहे. परंतु काम नीट दिसावें म्हणून त्याचें कवच काढून ठेवण्याची चाल आम्हांस मुळींच पसंत नाहीं. ४ इंची चकती मिनिटास सुमारें ११,००० फेरे घेते. म्हणजे तिची कड तासाला २०० किलोमीटरांहून अधिक वेगानें धांवते. ती फुटल्यास तुकडा चुकविण्यास अवसर कोठला? त्यांतून कोणी लांकडासाठीं दांतेरी पातें बसवितात. तें फांदींत अडकतांच यंत्र उसळून अंगावर येतें. फांदीस करवतच बरी! कापण्याच्या पातळ चकतीच्या बगलेनें धार लावूं नये, आणि डोळ्यांस चष्मा असल्यावांचून गड्याच्या हातीं यंत्र देऊं नये. चष्म्याचे पैसे अर्थात् मालकानें द्यावयाचे.