बॅटरी उतरलेली मोटार

परदेशी नोकरीस असलेला मुलगा सुटी संपवून परत जातो आणि त्याची मोटार घराशेजारी महिनोन् महिने उभी राहते, हे आमच्या गावांत आता नवीन राहिलेले नाही. मोटार उभी असली, तरी तिच्यातील काही विद्युत्-उपकरणे थोडा थोडा प्रवाह ओढीतच असतात. शेवटी बॅटरी पार उतरते. मग एखाद्या रात्री रुग्णवाहिका दारी यावयाची असते आणि वाट अडवून बसलेली मोटार तसूभर हलत नाही.

साध्या गियरच्या मोटारीचा दांडा हाताने न्यूट्रलमध्ये ओढता येतो. स्वयंचलित गियरच्या मोटारीचे तसे नाही. दांडा ‘पी’वर असला म्हणजे गियरपेटीतील एक मजबूत खिटी दातेरी चाकात अडकून राहते. शिवाय ब्रेक दाबल्यावाचून दांडा तेथून सुटू नये, म्हणून विजेवर चालणारा अडसर बसविलेला असतो. वीज नाही, म्हणून अडसरही हटत नाही.

यावर तोड आहे. पुष्कळ मोटारींत दांड्याजवळ एक लहानसे झाकण असते. प्रथम चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत व हातब्रेक ओढावा. किल्लीची मोटार असल्यास किल्ली फिरवून सुकाणूचे कुलूप सोडवावे. नंतर पायाने ब्रेक दाबून धरावा, झाकण काढून आतील फटीत पेचकस दाबावा आणि तो दाबलेला असतानाच दांडा ‘एन’वर आणावा. झाकणाची जागा मोटारीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत दिलेली असते. काही नव्या मोटारींत गियर किंवा हातब्रेक केवळ विजेवरच चालतो. तेथे बळजोरी न करता दुसऱ्या बॅटरीचा आधार द्यावा, हेच योग्य.

आता सावधगिरीची गोष्ट. ‘एन’वर आलेल्या मोटारीस हातब्रेक व दगड यांखेरीज कसलाही आधार उरत नाही. इंजिन बंद असल्यामुळे पायाचा ब्रेक दोन-तीनदा दाबताच कठीण होतो, सुकाणूही जड जाते. म्हणून चाकामागे जाणते माणूस बसवावे, मुलांना दूर ठेवावे, उताराच्या बाजूस कोणीही उभे राहू नये. चढउताराच्या जागी तर हा उद्योग करूच नये. मोटार हलविल्यावर दांडा पुन्हा ‘पी’वर न्यावा.

अशी मोटार ढकलून सुरू होत नाही, हेही ध्यानी असावे. गियरपेटीतील तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असता तेलास दाब मिळत नाही व चाकांची गती इंजिनापर्यंत पोहोचत नाही. त्याच कारणास्तव दोरीने दूरवर ओढून नेल्यास गियरपेटी बिघडण्याचा संभव असतो.

परदेशी जाणारा मुलगा किल्ली आईवडिलांपाशी ठेवून जातो. जाण्यापूर्वी अर्धा तास काढून ते झाकणही त्यांना दाखवून ठेवावे, अशी आमची सूचना आहे. रात्रीच्या अंधारात ते शोधीत बसण्याची वेळ कोणावरही येऊ नये.